सुवार्ता आणि सेवा यांचे वेगळे हिशेब थांबवा : मंडळीच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

सर्व मंडळ्यांचे पाळक, वडीलजन, बिशप आणि मिशनसंस्थांचे विश्वस्त यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

वार्षिक अंदाजपत्रकाची बैठक जवळ आली की मंडळीत एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. एका बाजूला सुवार्ता प्रसाराचे काम पाहणारे असतात. त्यांचे म्हणणे असे की लोक तारणावाचून मरत असताना आपण पैसा दवाखान्यांवर आणि वसतिगृहांवर घालतो. ती कामे सरकार करते, इतर संस्थाही करतात, सुवार्ता मात्र मंडळीने सांगितली नाही तर कोणीच सांगणार नाही. दुसऱ्या बाजूला सेवाकार्य पाहणारे असतात. उपाशी माणसाच्या हातात पत्रिका देऊन पुढे जाणाऱ्याच्या तोंडी ख्रिस्ताचे नाव शोभत नाही, असे ते म्हणतात. आवाज चढतात, मग कोणीतरी प्रार्थना करते, रकमा वाटून दिल्या जातात आणि वाद पुढच्या वर्षावर जातो.

मी मंडळीचा साधा सभासद आहे. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी हे पत्र लिहावेसे वाटले, कारण ज्याच्याविषयी हा वाद चालतो तो माणूस या बैठकांतून केव्हाच हरवलेला असतो. एका अहवालात तो बाप्तिस्म्यांच्या आकड्यात सापडतो, दुसऱ्यात लाभार्थींच्या. दोन्हीकडे तो आपल्या कामाचा पुरावा म्हणून उरतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : सुवार्ता आणि सेवा या दोन्ही गोष्टी आपण माणसाला देणे लागतो, आणि यांपैकी एकीला दुसरीची किंमत करण्याचा अधिकार आपल्याला नाही. भाकरी विश्वासाच्या मोबदल्यात द्यायची नाही आणि भाकरी देता यावी म्हणून विश्वास लपवायचाही नाही. हे साधायला नुसती प्रवचने पुरणार नाहीत. तुमच्या कारभारात बदल करावा लागेल, म्हणून पत्र तुम्हाला लिहीत आहे.

या वादात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय हमखास पुढे येतो. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, तक्रार झाली, आणि प्रेषित म्हणाले की देवाचे वचन सोडून पंक्तिसेवा करणे आम्हाला योग्य नाही. सुवार्तेची बाजू घेणारे इथेच थांबतात. पण तो अध्याय इथे थांबत नाही. प्रेषितांनी तक्रार फेटाळली नाही, विधवांना धीर धरायला सांगितले नाही, सगळी मंडळी बोलावली. सात माणसे निवडायची ठरले आणि त्यांची पात्रता काय ठरली? चांगली साक्ष असलेली, पवित्र आत्म्याने व ज्ञानाने भरलेली माणसे हवीत. वाटपाच्या कामाला! आज आपण त्या कामाला ज्याला हिशेब येतो आणि ज्याच्याकडे वेळ आहे असा माणूस शोधतो.

निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची उपेक्षा झाली होती, बहुधा त्याच गटातल्या लोकांच्या हाती वाटप सोपवले गेले. मला हा सगळ्या नव्या करारातला कारभाराविषयीचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. आणि त्यानंतर लगेच या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, शिष्यांची संख्या वाढली, पुष्कळ याजकवर्गानेही विश्वास धरला. वाटप न्याय्य झाले आणि वचन पसरले, हे त्याने एकाच दमात सांगितले आहे.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पंक्तिसेवेला नेमलेल्या त्या सातांपैकी स्तेफन पुढच्याच अध्यायात न्यायसभेसमोर दीर्घ भाषण करून पहिला रक्तसाक्षी होतो. फिलिप्प शोमरोनात जाऊन ख्रिस्ताची घोषणा करतो, रथात बसलेल्या कूशी अधिकाऱ्याला यशया उलगडून सांगतो. एकविसाव्या अध्यायात त्याची ओळख कशी दिली आहे पाहा : सुवार्तिक फिलिप्प, सातांपैकी एक. दोन्ही ओळखी एकाच वाक्यात आहेत. वाढणारा हात आणि बोलणारे तोंड एकाच माणसाचे होते. आपण मात्र सुवार्तिक आणि समाजसेवक यांची भरती वेगळी करतो, त्यांना प्रशिक्षण वेगळे देतो, त्यांच्या बैठकाही वेगळ्या भरवतो आणि नंतर त्यांचे एकमेकांशी जमत नाही म्हणून चिंता करतो.

प्रेषित पौलाबद्दलही असेच. तो सुवार्तेसाठी झपाटलेला माणूस होता, याविषयी दुमत नाही. रोमकरांस पत्र लिहिताना त्याच्यासमोर स्पेन होते, जिथे ख्रिस्ताचे नाव पोहोचले नव्हते असा प्रदेश. त्या दिशेने निघायला तो उतावीळ होता. पण पंधराव्या अध्यायात तो सांगतो की आधी मी यरुशलेमला जात आहे, तिथल्या पवित्र जनांतील गोरगरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी जमवलेली वर्गणी पोहोचवायला. नकाशा उघडून पाहिले तर हा प्रवास स्पेनच्या नेमक्या उलट दिशेला आहे. ही वर्गणी दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवता आली असती. वाटेत धोका आहे हे त्याला ठाऊक होते, जागोजागी इशारे मिळत होते. त्यांतला एक इशारा अगब नावाच्या संदेष्ट्याने दिला, तो कैसरियात, त्याच फिलिप्पाच्या घरी, जिथे पौल उतरला होता. पंक्तीत वाढण्यापासून सुरुवात केलेला सुवार्तिक यजमान आहे आणि गरिबांची वर्गणी घेऊन निघालेला प्रेषित पाहुणा. त्या घरात सुवार्ता आधी की सेवा आधी असा वाद झाला असेल असे मला वाटत नाही. पौल यरुशलेमला गेला, तिथे धरला गेला, दोन वर्षे कैसरियात कैदेत राहिला आणि रोमला पोहोचला तो बंदिवान म्हणून.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ती वर्गणी विश्वासी बांधवांसाठी होती, सगळ्या जगासाठी नव्हती. खरे आहे. पण त्याच पौलाने गलतीकरांस लिहिले की सर्वांचे बरे करा, विशेषतः विश्वासाने एका घराण्यात आलेल्यांचे. ‘विशेषतः’ लिहिले म्हणून ‘सर्वांचे’ खोडले जात नाही. सुरुवातीच्या मंडळ्यांनी ते शब्दशः घेतले होते, याची साक्ष विरोधकाकडून मिळते. चौथ्या शतकातील रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती विश्वास सोडून जुन्या देवांकडे वळला होता. त्याच्या नावावरचे एक पत्र आहे, इ. स. ३६२ च्या सुमाराचे. त्यात तो आपल्या पुरोहिताकडे तक्रार करतो की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती, लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. आज आपल्याविषयी अशी तक्रार कोणी करेल का, हे प्रत्येक वडीलजनाने स्वतःला विचारावे.

प्रभू येशूच्या सेवाकाळात तर ही विभागणी शोधूनही सापडत नाही. चार मित्रांनी पक्षाघात झालेल्या माणसाला छत उकलून खाली सोडले, ते त्याने चालावे म्हणून. येशूने आधी त्याच्या पापांची क्षमा केली, जी कोणी मागितली नव्हती, आणि मग त्याला बाज उचलून घरी जायला सांगितले. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांतला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. उरलेले नऊ कुठे आहेत असे येशूने विचारले. त्याला वाईट वाटले असणार. पण त्या नऊ जणांचे कुष्ठ परत आले असे लूक कुठे लिहीत नाही. न परतणाऱ्यांनाही तेवढेच आरोग्य मिळाले. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याच्या मागे समुद्रापलीकडे गेले, तेव्हा त्याने त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. गर्दी टिकवायला त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी वाटली नाही. उलट जीवनाच्या भाकरीविषयी असे कठीण वचन बोलला की पुष्कळ शिष्य सोडून गेले. भाकरी त्याने मोकळ्या हाताने दिली आणि सत्यही मोकळेपणाने सांगितले. एकाच्या आमिषाने दुसरे गळी उतरवले नाही.

मग ही फूट आली कुठून? फार मागे जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत सुवार्तेचा जोश आणि समाजसुधारणेची तळमळ पुष्कळदा एकाच माणसात दिसत असे. गुलामगिरीविरुद्ध लढणारे ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचा विश्वास हाच त्यांच्या राजकारणाचा पाया होता. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या गरीब पूर्व भागात काम सुरू केले, त्यातून साल्व्हेशन आर्मी उभी राहिली. रस्त्यावर पश्चात्तापाची हाक देणाऱ्या याच लोकांनी १८९१ मध्ये आगपेट्यांचा कारखाना काढला. पांढऱ्या फॉस्फरसमुळे आगकाड्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे सडत असत. बूथ यांच्या कारखान्यात त्याऐवजी लाल फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. जबडा सडलेल्या बाईसाठी प्रार्थना करणे आणि तिचा जबडा सडूच नये अशी व्यवस्था करणे, या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत असे त्यांना वाटले नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मार्ग फुटले. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत वॉल्टर राऊशनबुश हे पाळक म्हणून काम करत होते. तिथल्या लहान मुलांच्या अंत्यविधींनी ते हादरून गेले आणि पाप हे व्यक्तीच्या मनाइतकेच व्यवस्थेतही मुरलेले असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. सामाजिक सुवार्ता या नावाने ही विचारधारा पसरली. तिच्या काही अनुयायांच्या हातात मात्र क्रूस, पश्चात्ताप, नवा जन्म हे शब्द हळूहळू फिके पडत गेले. त्यावर प्रतिक्रिया म्हणून दुसरा गट इतका मागे सरला की गरिबांविषयी बोलणे हेच त्याला विश्वास पातळ झाल्याचे लक्षण वाटू लागले. दोघांनीही एकमेकांच्या भीतीने अर्धी सुवार्ता टाकून दिली. आपल्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत जी भांडणे होतात त्यांतली निम्मी या परक्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणाची उसनवारी आहे.

पुढे ही फूट सांधण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले. जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात जगभरच्या सुवार्तावादी पुढाऱ्यांची परिषद भरली. सुमारे १५० देशांतून दोन हजारांहून अधिक लोक आले होते. इक्वेडोरमध्ये जन्मलेले रेने पाडिया आणि पेरूचे साम्युएल एस्कोबार यांनी तिथे श्रीमंत देशांतल्या मंडळ्यांना न आवडणारी गोष्ट ऐकवली : अन्यायाकडे पाठ फिरवून सांगितलेली सुवार्ता अपुरी आहे. त्या परिषदेच्या करारनाम्याचे मुख्य लेखक जॉन स्टॉट होते. १९६६ च्या बर्लिन परिषदेत याच स्टॉट यांनी मंडळीला मिळालेली आज्ञा फक्त संदेश सांगण्याची आहे असे प्रतिपादन केले होते. नंतर त्यांनी आपले मत बदलले आणि बदलल्याचे उघडपणे लिहिले. लोझानच्या करारनाम्यात सामाजिक जबाबदारीकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल आणि या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आहे. त्याच करारनाम्यात, मंडळीच्या सेवेत सुवार्ता प्रसार प्रथम आहे, असेही वाक्य आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेतही हाच शोध चालू होता. १९७१ च्या बिशपांच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, न्यायासाठीची कृती हा शुभवर्तमानाच्या घोषणेचा अंगभूत भाग असल्याचे म्हटले.

१९८२ मध्ये याच विषयावर अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात झालेल्या बैठकीत या दोहोंना पक्ष्याच्या दोन पंखांची उपमा दिली गेली आणि तेव्हापासून ती सगळीकडे ऐकू येते. उपमा सुंदर आहे, पण तिचा आपण सोयीचा अर्थ लावला. दोन पंख म्हणजे दोन विभाग, दोन कार्यालये, दोन निधी.

प्रथम कोण, या प्रश्नाला मी टाळणार नाही. देवाशी समेट ही माणसाची सर्वांत खोल गरज आहे असा माझा विश्वास आहे, आणि तो मी कुठल्याही समाजकार्याच्या सभेत सांगेन. परंतु सर्वांत खोल गरज हीच दर वेळी सर्वांत आधीची गरज असते असे नाही. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांना आधी तेल आणि द्राक्षारस लावला. तुरुंगात फाशीची वाट पाहणाऱ्याला कदाचित आधी क्षमेचा शब्द हवा असतो. क्रम समोरच्या माणसाकडे पाहून ठरतो, धोरणपत्रिकेकडे पाहून ठरत नाही. ‘प्रथम’ या शब्दाचा आपण निधीच्या टक्केवारीत अर्थ काढतो, तिथे आपण चुकतो.

आता जरा कठोर बोलतो.

संकटाच्या काळात मंडळ्या मदतीला धावतात आणि त्याबद्दल देवाची स्तुती असो. पण मदत घ्यायला आलेल्या लोकांना आधी संदेश ऐकायला बसवणे, साहित्य देताना नावनोंदणीच्या कागदावर प्रार्थनेला येण्याची इच्छा विचारणे, वसतिगृहातल्या मुलाच्या बाप्तिस्म्याचे छायाचित्र दात्याला पाठवणे, हे प्रकार घडतात. कोणी विचारले तर आपले उत्तर तयार असते : आम्ही अट घातलेली नाही. कागदावर अट नसेलही. पण ज्याच्या घरात दाणा नाही, जो शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे, ज्याचे शिक्षण आपल्या एका सहीवर अवलंबून आहे, त्याला नाही म्हणण्याची मोकळीक कितीशी असते? तो मान डोलावतो. ती मान डोलावणे आपण विश्वास म्हणून मोजतो. अशा मोजणीने प्रभूच्या नावाला बट्टा लागतो आणि जे मनापासून, किंमत मोजून विश्वास ठेवतात त्यांच्याही विश्वासाकडे जग संशयाने बघू लागते. पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा त्यांना आयुष्यभर सोसावा लागतो, आणि त्यातला काही भार आपल्या पद्धतींनी त्यांच्या डोक्यावर ठेवलेला असतो.

हे मी एकटा म्हणतो असे नाही. २०११ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्षीविषयी एक आचारपत्र काढले. एरवी फारशा गोष्टींवर एकमत नसलेल्या या तिघांनी साक्ष देण्याचे कर्तव्य ठामपणे मांडले आणि त्याच कागदात गरिबीचा व गरजेचा फायदा घेणे, आमिष दाखवणे यांना ख्रिस्ती कार्यात जागा नाही असेही सांगितले. त्याआधी २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या परिपत्रकात लिहिले होते की प्रीती निरपेक्ष असते, दुसरे काही साध्य करण्याचा मार्ग म्हणून ती करायची नसते. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा प्रीतीलाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळते, असेही ते म्हणतात. ही कागदपत्रे तुमच्यापैकी कितीजणांनी आपल्या मंडळीत वाचून दाखवली?

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी अशी आहे. १८८९ मध्ये विधवांसाठी काढलेल्या त्या संस्थेत धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःच्या प्रार्थना मात्र दार बंद करून करत नसत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला या प्रसंगात दोन्ही बाजू कळतात. आश्रित मुलींवर नकळत दबाव येईल ही सल्लागारांची काळजी पोकळ नव्हती. आणि स्वतःच्या घरात स्वतःचा देव लपवून ठेवायला रमाबाईंनी दिलेला नकारही प्रामाणिक होता. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. सदनातला तो ताण त्यांना टाळता आला नाही, आपल्यालाही येणार नाही. तो उघडपणे सांभाळणे एवढेच हाती आहे.

कारण दुसरीकडचा दोषही लहान नाही. मोठा निधी देणाऱ्यांना धर्माचा उल्लेख नको असतो, म्हणून कित्येक ख्रिस्ती संस्थांनी आपल्या कामाच्या वर्णनातून ख्रिस्ताचे नाव काढून टाकले. दात्याचे नाव मात्र फलकावर ठळक असते. आमची कृतीच आमची सुवार्ता आहे, असे त्या म्हणतात, आणि त्याला आधार म्हणून असीसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावरचे ते वाक्य देतात, की सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तर शब्द वापरा. फ्रान्सिसच्या कुठल्याही लिखाणात हे वाक्य आढळत नाही. आणि त्याच्या आयुष्याशी ते जुळतही नाही. तो गावोगावी उपदेश करत फिरणारा माणूस होता. १२१९ मध्ये, धर्मयुद्ध पेटलेले असताना, तो इजिप्तमध्ये शत्रूच्या गोटात शिरून सुलतान अल् कामिलपुढे उभा राहिला आणि निःशस्त्र, उघडपणे ख्रिस्ताविषयी बोलला. गरिबी त्याने स्वतः पत्करली होती, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन होते. बोलणे मात्र त्याने सोडले नाही.

नुसत्या कृतीची एक अडचण अशी की लोक आपले आभार मानून थांबतात. आपण चांगली माणसे आहोत एवढेच त्यांना कळते. आपण चांगले नव्हतो, आपल्यावर दया झाली, हे कळायला शब्दच लागतात. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाने, मला काय होणार, असे विचारले असता आपल्या परिचारिकेने नियमावली आठवून गप्प राहावे, यात मला त्या रुग्णाचा आदर दिसत नाही. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भिडस्तपणे द्या, असे पेत्राने सांगितले आहे. जिथे दात्याच्या अटीने किंवा कायद्याने संदेश सांगायला मनाई आहे, तिथे ती अट पाळावी, चोरवाटा काढू नयेत. पण तो पैसा घ्यायचा की नाही हे तरी मंडळीने विचार करून ठरवावे. तोंड बंद ठेवण्याच्या बोलीवर मिळालेला प्रत्येक निधी प्रभूकडून आलेला असतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी दोन्ही गट सारखेच गप्प असतात. आपल्या शाळा, दवाखाने आणि मिशनकेंद्रे चालवणारी माणसे. दारोदार फिरणारा सुवार्तिक तुटपुंज्या मानधनावर असतो आणि तेही वेळेवर मिळत नाही. परिचारिकेने, आयाने, रखवालदाराने पगारवाढ मागितली की त्यांना ही सेवा आहे, नोकरी नाही, असे ऐकवले जाते. शेतातल्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे याकोबाने श्रीमंतांना लिहिले. ते वचन आपण बाहेरच्या कारखानदारांना लावतो. मंडळीच्या कार्यालयातल्या पगारपत्रकाला ते कधी लावणार? हवाईमधील मोलोकाई बेटावर १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांमध्ये राहायला गेलेले फादर डॅमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने गेले. त्यांचा त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. आपल्या कर्मचाऱ्यांचा त्याग मात्र बहुतेक वेळा त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी निवडलेला असतो.

म्हणून माझ्या तुमच्याकडे स्पष्ट मागण्या आहेत.

वार्षिक सभेत दोन विभागांचे दोन अहवाल मांडणे बंद करा. एकच अहवाल असावा आणि तो सुवार्तिक व सेवाकार्य पाहणारा यांनी एकत्र बसून लिहावा. त्यात बाप्तिस्म्यांचे आणि लाभार्थींचे आकडे एका ओळीत कधीही येऊ नयेत, कारण तसे आले की एकाचा दुसऱ्याशी भाव ठरू लागतो. छायाचित्रे त्या त्या माणसाच्या मोकळ्या संमतीशिवाय छापू नयेत. बालकांची तर छापूच नयेत.

मदतीच्या प्रत्येक ठिकाणी, वाचता येईल अशा अक्षरांत, ही मदत कोणत्याही धर्माच्या माणसाला कसल्याही अपेक्षेशिवाय मिळेल असे लिहा. त्याच फलकावर, आम्ही येशू ख्रिस्ताचे अनुयायी आहोत आणि म्हणून हे करतो, असेही लिहा. दोन्ही वाक्ये हवीत. वाटप आणि उपासना यांची वेळ व जागा वेगळी ठेवा, म्हणजे जो उपासनेला येईल तो खरोखर स्वतःहून आलेला असेल. तक्रारी ऐकून घ्यायला मंडळीबाहेरचा एखादा विश्वासू माणूस नेमा. आणि वाटपाच्या समितीत, यरुशलेमेतल्या सातांप्रमाणे, ज्यांना मदत मिळते त्या वस्तीतली माणसे घ्या, केवळ सल्ल्यापुरती नाही, निर्णयाच्या अधिकारासह.

जे सुवार्ता सांगतात त्यांना वर्षातले काही आठवडे दवाखान्यात, वसतिगृहात, मदतीच्या कामात पाठवा. जे सेवेत आहेत त्यांना वचनाचा नीट अभ्यास करायला वेळ आणि खर्च द्या, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याशी कसे बोलावे हे शिकवा. बायबल शाळांच्या अभ्यासक्रमात गरिबांच्या न्यायासाठी बोलणारे आमोस आणि मीखा हे संदेष्टे परीक्षेपुरते उरले आहेत. ते प्रचाराच्या व्यासपीठावर परत आणा.

आणि पौलाने वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली होती, कोणी दोष ठेवू नये म्हणून. तोच नियम आपल्या निधीला लावा. पगारपत्रक, थकलेले मानधन आणि दात्यांच्या अटी हे सगळे पुढच्या वार्षिक सभेत, बिशपांपासून रखवालदारांपर्यंत सर्वांच्या समोर, मोठ्याने वाचून दाखवा. थकबाकी असेल तर नवी इमारत, नवी मोहीम किंवा नवे केंद्र सुरू करण्याआधी ती फेडा. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. तुमच्या मंडळीच्या सभेत ते द्यावे आणि इतिवृत्तात नोंदवावे, एवढी विनंती आहे.

प्रभूच्या सेवेत तुमचा,
मंडळीचा एक सभासद